गाडी लागणाऱ्यांसाठी व्हीआर: पाडव्यापासून जुलैपर्यंतचा माझा अनुभव

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हे लिहितेय. एसटीत चढताना आधी खिडकी बघणारे, घाट सुरू झाला की कुणाशी न बोलणारे, पर्समध्ये कायम एक प्लास्टिकची पिशवी ठेवणारे जे कोणी आहेत, त्यांच्या पोटात व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरायच्या खेळाचं, नाव काढलं तरी ढवळतं. मी माहिती शोधली तेव्हा दोनच प्रकारची माणसं भेटली. एक म्हणायची, 'काही होत नाही हो, मजा येते.' दुसरी म्हणायची, 'मला तर दुसऱ्या दिवशी उठवलं नाही.' कुठे फोन करायचा, काय विचारायचं, कधी थांबायचं, किती पैसे जातात, हे कुणी सांगत नव्हतं. ते मला जसं कळत गेलं तसं मांडते.

माझं माहेर चिपळूण, राहते पुण्यात. भाचीची दहावीची परीक्षा मार्च २०२५ मध्ये संपली आणि तिने फोनवर जाहीर केलं की निकाल लागला की पुण्याला येणार आणि सगळ्यांनी मिळून व्हीआर खेळायला जायचं. डोक्याला हेडसेट लावून, मोठ्या हॉलमध्ये खरोखर चालत, गटाने खेळायचा प्रकार असतो, तो. "आत्या, तू पण आत यायचं. बाहेर पर्स सांभाळत बसायचं नाही." जत्रेत आकाशपाळण्याखाली सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या घेऊन उभी राहणारी मीच असते, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. या वेळी मलाही आत जायचं होतं.

३० मार्चला गुढीपाडवा होता. संध्याकाळी खरेदीला एका मॉलमध्ये गेलो होतो. तिथे वरच्या मजल्यावर अंड्याच्या आकाराच्या हलत्या खुर्च्या होत्या, पाच मिनिटांचे २५० रुपये. आपल्याला कितपत झेपतं ते बघू, म्हणून बसले. चित्रात रोलर कोस्टर होती. डोंगराच्या कड्यावरून गाडी खाली सुटते, वळते, उलटी होते, आणि खुर्ची मात्र जागच्या जागी थोडी पुढे-मागे डुलते. आधी जांभई आली. मग तोंडाला पाणी सुटलं. मग वरच्या ओठावर गार घाम. हा क्रम मला चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटामुळे पाठ आहे, पण घाटात त्याला अर्धा तास लागतो, इथे दीड-दोन मिनिटांत सगळं झालं. मी हेडसेट काढला. खुर्ची चालवणारा मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता, त्यामुळे ती थांबायला आणखी वेळ गेला. घरी रिक्षाने आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड होतं आणि जिना उतरताना कठड्याला हात लागत होता.

दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलेल्या त्या डगमगण्याची मला काळजी वाटली. साधी मळमळ मला माहीत आहे, तोल जाणं नवीन होतं. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली. ९ एप्रिल, बुधवार मिळाला. संध्याकाळी सहाची वेळ होती, आत जायला साडेसात वाजले. केसपेपरचे १००, तपासणीचे ८०० रुपये. सोबत जुने रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावं न्या, ती विचारतातच.

डॉक्टरांनी आधी बरंच विचारलं. अर्धशिशी आहे का, कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, कुशीवर वळलं की खोली फिरते का. मग मला पलंगावर बसवून मान एका बाजूला अर्धी वळवली आणि तशीच झटकन मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबेल असं. डोळे उघडेच ठेवायचे. बुबुळं आपोआप झटके मारतात का ते त्या पाहत होत्या. दुसऱ्या बाजूनेही तेच. कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नळीत गेले असतील तर या तपासणीत कळतं. तसं असतं तर व्हीआरचा विषय तिथेच बाजूला ठेवून आधी उपचार करायला हवे होते. माझ्या बाबतीत तसं काही निघालं नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पुढे प्रत्येक पावलाला उपयोगी पडलं. आपल्या आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं फिरलेलं ओळखतात. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्या सरळ रेषेतला वेग आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. बसमध्ये पुस्तक वाचताना कान म्हणतो हलतोय, डोळा म्हणतो स्थिर आहे. व्हीआरच्या खुर्चीत बरोबर उलटं: डोळा म्हणतो दरीत पडतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. मेंदूला हा विसंवाद सोसत नाही आणि तो पोटावर निघतो. "ज्यांच्या आतल्या कानाचं हे काम मुळातच बंद असतं त्यांना गाडी लागत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा कान नीट चाललाय म्हणून तुम्हाला लागते." आयुष्यभर हा माझा नाजूकपणा आहे असं ऐकत आलेय. त्या एका वाक्याने मला इतकं मोकळं वाटलं की घरी येताना ते नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगितलं.

मी अ‍ॅव्होमिन गोळीबद्दल विचारलं, कारण घाटासाठी तीच घेते. त्यांचं म्हणणं, प्रवासाला घ्या, सरावाला घेऊ नका. गोळीने झोप येते, शिवाय शरीर कुठे 'आता पुरे' म्हणतंय ते कळेनासं होतं. सराव करायचा तर थोडा थोडा करा, त्रास सुरू होण्याच्या आधी थांबा, दुसऱ्या दिवशी परत करा. मळमळ दाबून पुढे रेटलं तर मेंदू सवय करून घेण्याऐवजी धास्ती धरतो. मी केसपेपरवर दोन ओळी लिहून मागितल्या, की तपासणीत दोष नाही आणि व्हीआर करायला हरकत नाही. हा कागद जपून ठेवा, पुढे लागतो.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याचा क्वेस्ट ३ हेडसेट काही आठवडे वापरायला दिला. विकत घ्यायची आमची तयारी नव्हती, आणि नुसत्या सरावासाठी घ्यावाही लागत नाही. ओळखीत विचारा, घेऊन कपाटात ठेवलेले बरेच जण असतात. फक्त चेहऱ्याला लागणारं पुसता येणारं सिलिकॉनचं कव्हर मी स्वतःचं घेतलं, ४५० रुपये.

पहिली संध्याकाळ केवळ भिंगं जुळवण्यात गेली, आणि ती जायलाच हवी. दोन बुबुळांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. हेडसेटची भिंगं त्या अंतरावर नसतील तर चित्र किंचित धूसर राहतं, डोळे ताणून ते जुळवत बसतात आणि मळमळीच्या आधी डोकं दुखायला लागतं. मुलाने त्याच्या कंपासपेटीतली पट्टी माझ्या भुवयांवर आडवी धरली, मला त्याच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लावलं आणि मोजलं: ६१. हेडसेटच्या खालच्या बाजूला एक छोटं चाक असतं, ते फिरवलं की आत आकडा दिसतो. आधीच्या मालकाचं ६७ वर होतं. ६१ वर आणल्याबरोबर अक्षरांच्या कडा स्वच्छ झाल्या. पट्टा कपाळावर नाही, डोक्यामागच्या उंचवट्याखाली बसवायचा, म्हणजे वजन गालांवर येत नाही. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर, त्यातून आत बघताना खालचा भाग अंधुक व्हायचा. आत चित्र डोळ्याला एक-दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं, वाचायच्या नंबरची गरज नसते. जुना लांबचं बघायचा चष्मा शोधून काढला, त्याने काम झालं.

वेळ सातची ठरवली, जेवणाआधी, पण पोट अगदी रिकामं नाही. समोर टेबलफॅन. वाऱ्याने बरं वाटतंच, शिवाय वारा कायम एकाच दिशेने येत असल्यामुळे खऱ्या खोलीत आपलं तोंड कुठे आहे ते कळत राहतं. शेजारी आलेपाकाची वडी आणि पाणी.

सुरुवात खुर्चीवर बसून, पाच मिनिटं, जिथे काहीच हलत नाही अशा जागी: हवेत रंग काढायचे, एवढंच. काही झालं नाही. मग उभं राहून, तालावर समोरून येणारे ठोकळे तलवारीने कापायचा खेळ. दहा मिनिटं खेळले, घाम आला, पण तो व्यायामाचा. मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी हातातल्या कंट्रोलरवरची काडी अंगठ्याने पुढे ढकलली की आपण कॉरिडॉरमध्ये चालू लागतो असा एक खेळ लावला. शांत, रिकामा कॉरिडॉर, ना उंची ना वेग. मिनिटभरात जांभई आली. हेडसेट काढला, पंख्यासमोर बसले आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ठोकळ्यांच्या खेळात मी वाकले की चित्र वाकत होतं, वळले की वळत होतं, कान आणि डोळा एकच गोष्ट सांगत होते. कॉरिडॉरमध्ये मी उभी होते आणि चित्र मला चालवत होतं. हलतंय कोण, हा खरा प्रश्न आहे. मी स्वतः हलत असेन तर मला चालतं. मला कुणी हलवत असेल तर नाही. हेडसेट, भुताखेतांची चित्रं, मोठा आवाज, या सगळ्याची मला वाटणारी भीती त्या संध्याकाळी गेली, कारण नेमकं काय टाळायचं ते हातात आलं.

त्यानंतर मी थोडं वाचलं. हा त्रास व्हीआरच्या फार आधीचा आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा आभास देणाऱ्या सरावाच्या यंत्रावर, शिकणाऱ्या वैमानिकांना मळमळ होते याची नोंद १९५७ सालची आहे. वैमानिकांनाही होतो म्हटल्यावर मला बराच धीर आला. चार्ल्स डार्विनला 'बीगल' जहाजावर १८३१ ते १८३६ अशा सगळ्या सफरीत बोट लागत राहिली, तरी तो गेलाच. १९९३ मध्ये रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरच्या त्रासाची एक प्रश्नावली छापली, ती आजही संशोधनात वापरतात. तिच्यात १६ लक्षणं आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन असे गुण द्यायचे. घाम, लाळ, डोळ्यांवर ताण, डोकं भरल्यासारखं वाटणं, डोळे मिटल्यावर येणारी चक्कर, अगदी ढेकरसुद्धा त्यात आहे. मी ती मराठीत उतरवून फ्रीजवर चिकटवली आणि रोज हेडसेट काढल्यावर गुण लिहायला लागले. यामुळे एक कळलं: माझ्यात पोटाआधी डोळे थकतात. डोळ्यांच्या रकान्यात दोन आले की तिथेच थांबायचं, हा माझा नियम झाला. तुमचा रकाना वेगळा असेल, तो शोधा.

सेटिंगमध्येही बरंच काही करता येतं, ते खेळाच्या मेनूत 'कम्फर्ट' नावाखाली असतं. सलग चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घ्यायची सोय निवडा. वळणं सलग न ठेवता तुकड्यातुकड्याने ठेवा. चालताना चित्राच्या कडा काळ्या करणारी सोय चालू ठेवा: कोलंबिया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की दिसण्याचा पट्टा असा हळूच अरुंद केला तर लोकांना त्रास कमी होतो. क्वेस्टच्या ऑनलाइन दुकानात खेळांवर आरामदायी, मध्यम, तीव्र असा शिक्काही असतो. मी 'आरामदायी'पासून सुरू केलं आणि एप्रिल संपेपर्यंत 'मध्यम'मधल्या काही खेळांत पंधरा मिनिटं टिकायला लागले. 'तीव्र'च्या वाटेला गेले नाही, आजही जात नाही.

मधे मधे मागेही गेले. एका रात्री झोप नीट झाली नव्हती, दुसऱ्या दिवशी तोच खेळ चार मिनिटांत जड गेला. सर्दी झाली तेव्हा आठवडाभर बंदच ठेवलं. यात निराश होण्यासारखं काही नाही, पण बुकिंगच्या आदल्या रात्री जागरण नको, हे मात्र लक्षात ठेवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या व्हीआर केंद्रांना फोन केले. इथे माझी सगळ्यात जास्त ऊर्जा गेली. फोन उचलणारे बहुतेक जण पॅकेज वाचून दाखवतात. 'मॅम, हेवी एक्सपिरियन्स आहे' यापलीकडे जात नाहीत. मी माझे प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते. खेळात आपण आपल्या पायांनी चालतो की काडीने? मधे लिफ्ट, ट्रॉली, बोट, उडणारा चौथरा असं काही आहे का, आणि किती वेळ? हॉल केवढा आहे? मधेच बाहेर पडता येतं का, पडल्यास गटाचा खेळ थांबतो का? हेडसेट कोणता आणि त्यावर भिंगांचं अंतर बदलता येतं का? हेडसेटबद्दल विचारायचं कारण असं की डोकं वळल्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होऊ नये असं या क्षेत्रात मानतात, आणि जुनी, झिजलेली यंत्रणा तिथेच मागे पडते. एका ठिकाणी तांत्रिक काम बघणारा मुलगा फोनवर आला आणि त्याने शांतपणे सगळं सांगितलं. "ताई, पूर्ण चालण्याचा गेम आहे, अर्धा तास. फक्त दोन ठिकाणी लिफ्ट आहे, वीस-वीस सेकंद. तेवढं डोळे मिटून घ्या." तिथेच जायचं ठरलं. असं नेमकं उत्तर देणारा माणूस भेटेपर्यंत पैसे भरू नका.

१३ मेला दहावीचा निकाल लागला. भाचीला ९१ टक्के मिळाले. त्याच रात्री बुकिंग केलं: बुधवार २१ मे, दुपारी साडेबारा. बुधवार मुद्दाम घेतला, शनिवार-रविवारी गर्दीत घाई करतात आणि दरही जास्त होता. माणशी ९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, पाच जणांचे ५,३१०. पैसे परत मिळत नाहीत, पण २४ तास आधी कळवलं तर तारीख बदलून देतात, हे बुकिंगच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात होतं. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मग कागदपत्रं. १८ वर्षांखालच्यांसाठी आई किंवा वडिलांची सही लागते, आत्याची चालत नाही. भाची आणि तिचा १३ वर्षांचा भाऊ आमच्याकडे आलेले, दादा-वहिनी चिपळुणात. मी फॉर्म वहिनीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिने झेरॉक्सच्या दुकानात छापून, सही करून, आधारच्या प्रतीसकट फोटो पाठवले. केंद्राने फोटो नाकारले, पीडीएफ मागितली. परत दुकान. हे सगळं दोन दिवस आधी झालं म्हणून निभावलं. नातेवाइकांच्या मुलांना नेणार असाल तर फॉर्म आधी मागवून घ्या.

मोठ्यांनाही जबाबदारीचा फॉर्म भरावा लागतो, दोन पानी, इंग्रजीत. फिट येते का, हृदयविकार, पेसमेकर, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया, चक्कर, गाडी लागणे. मी 'गाडी लागणे'वर खूण केली. काउंटरवरची मुलगी थबकली, म्हणाली मॅनेजरना विचारावं लागेल. मॅनेजर जेवायला गेले होते. वीस मिनिटं गेली, आमची वेळ होऊन गेली, मुलं माझ्याकडे बघायला लागली. मॅनेजर आल्यावर मी डॉक्टरांचा केसपेपर दाखवला. त्यांनी फोटो काढून घेतला, फॉर्मवर एक शेरा मारला आणि आम्हाला पुढची वेळ दिली. खूण न करता पुढे जाता आलं असतं, नवऱ्यानेही तसं सुचवलं. पण खूण केल्यामुळेच आत माझ्यावर लक्ष ठेवायला माणूस मिळाला, म्हणून तुम्हीही खरंच लिहा.

सकाळी साडेदहाला मेतकूट-भात खाल्ला होता, चहा घेतला नव्हता. हेडसेटखाली घालायला पातळ कापडी पट्टी देतात. फोनवर बोललेलाच मुलगा आत होता. त्याने माझं अंतर ६१ वर लावलं, मला एकटीला दोन मिनिटं रिकाम्या पांढऱ्या खोलीत फिरवलं आणि सांगितलं, "काहीही वाटलं तर दोन्ही हात वर करा. मी येतो, हेडसेट मी काढतो. तुम्ही घाईत काढू नका, डोळे मिटा."

खेळ एका पडक्या नगरीतला होता. मशाली, वेली, खांबांवर कोरीवकाम. मी चालत होते आणि ती नगरी माझ्याबरोबर अचूक सरकत होती. मुलं प्रत्येकी वेगळ्या रंगाच्या चिलखतात दिसत होती, आवाज मात्र त्यांचेच. एका ठिकाणी दरीवर फळी टाकलेली होती, फूटभर रुंद. माझी छाती धडधडायला लागली, हात गार पडले. मी थांबले आणि स्वतःला विचारलं, हे काय आहे? जांभई नाही, लाळ नाही, डोळे स्वच्छ. ही उंचीची भीती होती, मळमळ नव्हे. बाहेरून दोन्ही सारख्या वाटतात, घाम दोन्हीत येतो, आणि गाडी लागणारी माणसं दोन्हीला एकाच खुणेने घाबरतात. पायाच्या बोटांनी बुटाच्या आतून जमीन चाचपली, खाली हॉलचा सपाट गालिचा होता. पाऊल टाकलं. पलीकडे गेले. भाचीने ओरडून टाळ्या वाजवल्या.

लिफ्ट आली तेव्हा तिनेच आधी सांगितलं, "आत्या, डोळे मीट." मी मिटले. कानात साखळदंडांचा आवाज, नवऱ्याचा हात कोपराला. "झालं, उघड." दुसऱ्या लिफ्टला मी गंमत म्हणून मधेच डोळे किलकिले केले, गुडघे आपोआप वाकले आणि पोट वर आलं, लगेच मिटले. ते तेवढ्यात विरलं. डोळे मिटले की कान-डोळ्यांचं भांडण संपतं, कारण मग फक्त कानच बोलत असतो. यासारखा दुसरा उपाय मला सापडला नाही आणि तो फुकट आहे.

अर्धा तास पूर्ण झाला. हेडसेट काढल्यावर मी रडले थोडी. मुलाने विचारलं, आई, लागलं का? नाही म्हटलं.

बाहेर आल्यावर लगेच निघू नका. आम्ही पाऊण तास बसलो. माझे हात मला काही वेळ परके, चित्रातल्यासारखे वाटत होते आणि फरशी किंचित मऊ. हे अनेकांना होतं आणि जातं, पण त्या अवस्थेत गाडी चालवू नये, दुचाकी तर नाहीच. आम्ही दोघेही आत असणार म्हणून जातानाच कॅब केली होती. बाहेर वळवाचा पाऊस कोसळत होता, कॅब मिळायला वेळ लागला, तो वेळही कामी आला. घरी येऊन १६ लक्षणांचा तक्ता भरला: डोळ्यांचा ताण एक, थकवा एक, बाकी शून्य. जेवण नेहमीसारखं गेलं. रात्री झोप लागली.

जूनमध्ये मुलांना सोडायला चिपळूणला गेलो. एवढ्या सरावाने घाटही सोपा जाईल अशी मला आशा होती. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली सुरू झाला आणि दुसऱ्याच मोठ्या वळणावर गाडी थांबवावी लागली. शरीर ज्या प्रकारच्या हालचालीला सरावतं त्या प्रकारापुरतंच सरावतं. परतीला मी अ‍ॅव्होमिन घेतली आणि पाटणपर्यंत झोपले.

सगळा खर्च मिळून सात हजारांच्या आत झाला, त्यातला मोठा वाटा पाच जणांच्या तिकिटांचा. हेडसेट परत दिला आहे. सवय राहायची तर महिन्यातून दोन-तीनदा तरी करावं लागतं असं दिसतंय, कारण जुलैमध्ये एका मैत्रिणीकडे दहा मिनिटांत डोळ्यांच्या रकान्यात दोन आले, मेमध्ये ते वीस मिनिटांनी येत होते.

केंद्राने उशीर झाला म्हणून पुढच्या वेळेसाठी २० टक्के सवलतीचं कूपन दिलं होतं. गणपतीत भाची पुन्हा येणार आहे आणि तिला त्यांचा समुद्रावरचा खेळ करायचाय. मी त्या मुलाला फोन केला. त्याने सांगितलं, चालणं आहेच, पण मधे बोट आहे, दीड मिनिटाची, लाटांवर. डोळे मिटून दीड मिनिट बसता येईल, पण बोटीतही गोळा करायच्या वस्तू असतात. मी त्याला विचारलंय की तेवढा भाग माझ्यापुरता बंद ठेवता येतो का. तो बनवणाऱ्यांना विचारून कळवणार आहे. उत्तर आलं नाही तोवर मी पैसे भरणार नाही.